बत्तीस मात्रांची घडी

आई मुद्रितशोधक आहे. एकतीस वर्षांच्या नोकरीत आपल्या हातून एकच चूक सुटली असं ती सांगते, आणि तीही प्रेसमध्ये नाही, घरी, सुटीच्या दिवशी. त्या चुकीचा पुढे खरोखरच खेळ झाला. खेळाची कॅसेट निघाली, कॅसेटच्या कव्हरवर मामाचं नाव छापून आलं आणि तिच्या जोरावर मामा मार्गी लागला. "चूक माझी आणि नाव त्याचं," आई म्हणते, "एका अर्थी वाचलेच मी."

हे ती हसत म्हणते. लहानपणापासून ऐकत आल्यामुळे मीही हसायचे. ते वाक्य एकदा नीट तपासून बघावं, असं यंदापर्यंत मला कधी वाटलं नव्हतं.

एका रविवारी दुपारी मामा बिस्किटांचा जुना डबा छातीशी धरून आला. डब्यात कापूस, कापसात एक कॅसेट.

"ताई, घरात चुंबक-बिंबक नाही ना कुठे?"

"फ्रिजवर आहे की. सामानाची यादी लावलीय."

मामाने डबा उचलला आणि तो फ्रिजपासून सगळ्यात लांबच्या खुर्चीवर जाऊन बसला.

"खटप्या, एकतीस वर्षं ती टेप तुझ्या माळ्यावर उंदरांच्या संगतीत राहिली," आई म्हणाली. "माझ्या फ्रिजने तिचं काय वाकडं होणार आहे?"

मामाचं वय सेहेचाळीस. आईपेक्षा तो पाच वर्षांनी लहान. त्याच्या हाताखाली आता वीस माणसं काम करतात, पण आमच्या घरात तो खटप्याच. त्याने सांगितलं ते असं: शहरातल्या तंत्रज्ञान संग्रहालयात घरगुती कॉम्प्युटरच्या सुरुवातीच्या काळावर एक दालन उघडणार होतं. टीव्हीला जोडायचे, कॅसेटवरून चालणारे ते कॉम्प्युटर. तिथे मामाचा खेळ ठेवायचं ठरलं होतं. मामाने एकच अट घातली होती, खेळाखालच्या पाटीवर दोन नावं हवीत. संग्रहालयातल्या बाई त्याला म्हणाल्या, कव्हरवर तर एकच आहे. दुसरं पडद्यावर किंवा कागदावर दाखवा, लगेच लिहू. नुसत्या सांगण्यावरून लिहायला लागलो तर एकेका खेळाला पाच-पाच बाप निघतील.

"बरोबर आहे त्यांचं," आई म्हणाली. "आणि माझं नाव नव्हतंच."

"होतं. ही टेप कंपनीला द्यायच्या आधीची आहे. घरची. कंपनीने नंतर तो पडदा काढून स्वतःचं नाव टाकलं. या टेपवर आपली दोघांची नावं आहेत, मी स्वतः टाइप केलीत."

"मी दहा वेळा पाहिलाय तो खेळ."

"खेळ पाहिलास. नावाचा पडदा दोन सेकंद यायचा, तेवढा वेळ तू चष्मा शोधत असायचीस."

पाटीचा मजकूर गुरुवारी दुपारी बारापर्यंत द्यायचा होता. मामाने आपल्याकडच्या टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावून पाहिली होती. कॉम्प्युटर शेवटपर्यंत सगळं वाचायचा आणि शेवटी चूक दाखवून थांबायचा. म्हणून तो माझ्याकडे आला होता. मी भौतिकशास्त्रात पदवी घेऊन श्रवणयंत्रं तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत लागले आहे. आवाज मोजणं हेच माझं काम.

आई चहा टाकायला आत गेली तेव्हा तो हळू आवाजात मला म्हणाला, "तिला वाटतं, तिने माझं काहीतरी बिघडवलं आणि मी ते कसंबसं सावरून घेतलं. एकतीस वर्षं सांगतोय, तसं नाहीये. ती हसण्यावारी नेते. तुझी आई छापलेलंच मानते. छापून आलं, तर कदाचित मानेल."

* * *

झालं होतं असं. मामा पंधरा वर्षांचा, आई वीस. ती नुकतीच प्रेसमध्ये लागली होती आणि तिथे तिचं काम वाचून दाखवण्याचं होतं. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने छापलेल्या कागदावर बोट ठेवून तपासायचं. नुसते शब्द वाचून भागत नाही, चिन्हंही वाचायची: स्वल्प, अर्ध, पूर्ण, कंस उघडा, कंस बंद. आई अजूनही असं वाचते. मला लहानपणी झोपताना तिने सांगितलेल्या गोष्टींत राक्षससुद्धा "उद्गार" म्हणून ओरडायचा.

मामाच्या शाळेतल्या गणिताच्या सरांनी त्याला सुटीपुरता आपला कॉम्प्युटर घरी नेऊ दिला होता. त्या काळी मासिकांत खेळांचे प्रोग्रॅम छापून यायचे. चार-चार पानं आकडे आणि चिन्हं. ते घरी बसून जसेच्या तसे टाइप करायचे, मग खेळ चालायचा. टीव्ही एका कोपऱ्यात, उजेड दुसऱ्या कोपऱ्यात. मामा दोन बोटांनी टाइप करायचा आणि मान वर केली की ओळ चुकायचा. म्हणून आई मासिक घेऊन खिडकीशी बसली आणि प्रेसमध्ये वाचायची तसं तिने वाचायला घेतलं.

अडचण आली ती 'पेक्षा लहान' आणि 'पेक्षा मोठं' या चिन्हांची. प्रेसमध्ये ती कधी लागायची नाहीत, त्यामुळे त्यांना नाव नव्हतं. चिन्ह पक्ष्याच्या चोचीसारखं दिसतं, म्हणून दोघांनी ठरवलं, चोच. चोच उजवीकडे, चोच डावीकडे. दोन दिवस आईने चोची वाचल्या आणि मामाने त्या टाइप केल्या.

सगळ्या उलट्या बसल्या. एकूण अकरा.

"मी उलट्या वाचल्या," आई चहाचे कप ठेवत म्हणाली. हे वाक्य मी अनेकदा ऐकलं होतं. या वेळी मात्र मला प्रश्न पडला: जी बाई स्वल्पविरामाच्या आधी सुटलेली जागा हेरते, ती अकराच्या अकरा चिन्हं उलटी कशी वाचेल? एखादी चूक अधूनमधून होते. दर वेळी न चुकता होते तिला आम्ही प्रयोगशाळेत चूक म्हणत नाही. कुठेतरी दोन मापं वेगळी आहेत, असं म्हणतो.

मी दोघांना एकेक कागद दिला. "बोलायचं नाही. उजवीकडे चोच असलेला पक्षी काढा."

मामाने गोल डोकं काढलं आणि त्याच्या उजवीकडे बाभळीच्या काट्यासारखं टोक. मिटलेली चोच. आईने घरट्यातलं पिल्लू काढलं, उजवीकडे आ वासलेलं. मिटलेल्या चोचीचं टोक ज्या बाजूला असतं, त्याच्या नेमक्या उलट बाजूला उघड्या चोचीचा कोन येतो. दोघांच्याही चोची उजवीकडे होत्या, आणि दोन्ही चिन्हं एकमेकांच्या विरुद्ध.

मी कागद शेजारी-शेजारी ठेवले. मामा आधी कागदांकडे आणि मग आईकडे बघत राहिला.

"ताई! तुझी चोच उघडी होती?"

"तुझी बंद होती होय रे?"

"चोच म्हणजे टोक!"

"भूक लागलेल्या पिल्लाची चोच कधी बंद असते का? तुला भरवलंय मी, मला विचार."

"म्हणजे चूक कुणाचीच नव्हती," मी म्हणाले.

आईने दोन्ही कागद उलटे करून ठेवले. "वाचणाऱ्याची असते. ऐकणाऱ्याला दुसरा अर्थ लागेल असं वाचायचंच नाही, हा पहिला नियम. चहा घ्या, गार होतोय."

* * *

अकरापैकी दहा चोचींमुळे कॉम्प्युटर जागच्या जागी अडायचा, त्यामुळे त्या सापडल्या आणि दुरुस्त झाल्या. अकरावी राहिली, कारण तिच्यासकट खेळ सुरू झाला.

मासिकातला खेळ साधा भूलभुलैया होता. मोकळ्या वाटेच्या चौकोनाला शून्य, भिंतीच्या चौकोनाला दोन. पुढच्या चौकोनाचा आकडा एकापेक्षा लहान असेल तर पाऊल टाकू द्यायचं, असं त्या ओळीत होतं. चोच उलटली तेव्हा अर्थ झाला, एकापेक्षा मोठा असेल तर. म्हणजे वाटेवरून चालता येईना आणि भिंतीतून मात्र खुशाल चालता येई. मामाने पुढे जायचं बटण दाबलं, खेळाडूचा ठिपका हलेना. डावीकडचं दाबलं, तो थेट भिंतीत शिरला. आणि तिथून बाहेर येईना.

मामा रडकुंडीला आला. दोन दिवसांची मेहनत, आणि सुटी संपत आलेली. आईने चष्मा लावून बराच वेळ टीव्हीकडे पाहिलं. मग म्हणाली, "तू सगळ्या भिंतींत जाऊ शकत नाहीस. नुसत्या डावीकडच्याच. बघ, उजवीकडची एकही तुला लागत नाही."

आत येण्याचं एक दार, बाहेर जाण्याचं एक, आणि मधली वाट एकच, अशा कोणत्याही भूलभुलैयात भिंतींचे दोनच तुकडे असतात. वाटेच्या एका बाजूचा आणि दुसऱ्या बाजूचा. दिसायला भिंती शंभर दिसतात, पण त्या फांद्यांसारख्या एकमेकींना जोडलेल्या असतात. हे सिद्ध करता येतं. मी ते कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला शिकले. आईने ते टीव्हीवर बघून सांगितलं, आणि पुढे म्हणाली, "उजवी भिंत मला दे."

तो झाला खेळ. दोघांनी खेळायचा. एकाने डाव्या भिंतींत फिरायचं आणि जाईल तिथे रंग सोडायचा, दुसऱ्याने उजव्या. एकट्याला वाट कधीच दिसत नाही. दोघांच्या भिंती पूर्ण रंगल्या की दोन रंगांच्या मधोमध, कुणीही न चाललेली वाट आपोआप उजळते. मामाने त्यासाठी लागणारं बाकीचं सगळं पंधरा दिवसांत लिहिलं. 'भिंतीतली वाट' असं नाव ठेवलं. एका छोट्या कंपनीने तो खेळ घेतला, तिथेच मामा पुढे कामाला लागला, आणि तिथून सगळं. आई मात्र प्रेसमध्येच राहिली. ती पुन्हा प्रोग्रॅम वाचायला बसली नाही.

"मीच नाही म्हटलं," ती मला एकदा म्हणाली होती. "एकदा घोळ घातला, पुरे झालं."

* * *

सोमवारी मी कॅसेट प्रयोगशाळेत नेली. आधी छोट्या स्क्रूड्रायव्हरने टेपरेकॉर्डरमधल्या टेप वाचणाऱ्या हेडचा तिरपेपणा केसभर बदलत आवाज स्वच्छ केला आणि तो नोंदवून घेतला. कानाला ते किंकाळीसारखं लागतं, पण पडद्यावर ताणून पाहिलं की त्यात दोनच प्रकारच्या लहरी दिसतात, आखूड आणि लांब. आखूड म्हणजे शून्य. लांब म्हणजे एक, आणि ती आखूड लहरीच्या बरोबर दुप्पट. मला शाळेतली वृत्तं आठवली. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. आठ-आठ लघु-गुरूंचा एकेक गट, आणि प्रत्येक गट म्हणजे एक अक्षर, किंवा त्या अक्षराचा ठरलेला आकडा.

सगळी टेप वाचून झाली. बिघाड एकाच जागी होता. टेपला तिथे बारीकशी घडी पडली होती. भिंगाखाली मोजली तर पाऊण मिलिमीटर. इतक्या टेपमध्ये ती घडी नेमकी नावाच्या ओळीत पडावी, याला मी दुर्दैव म्हणणार होते. पण टेपचा सुरुवातीचा भाग सगळ्यात जास्त हाताळला जातो आणि नावाची ओळ सुरुवातीलाच असते, तेव्हा यात दैवाचा भाग फारसा नव्हता. ओळीत मामाचं नाव होतं, रोमन लिपीत, मोठ्या अक्षरांत. त्या मशीनला तेवढीच लिपी यायची. नावापुढे बेरजेचं चिन्ह. आणि पुढे घडी.

म्हणजे काहीतरी होतं. मामा खोटं बोलत नव्हता.

काय होतं ते कळायला दोन गोष्टी हाताशी होत्या. पहिली, घडीत हरवलेला वेळ. तो बरोबर बत्तीस मात्रांचा भरला. मी सगळे हिशेब करून पाहिले: दोन अक्षरांत इतक्या मात्रा भरत नाहीत, आणि चार अक्षरं तेवढ्यात मावत नाहीत. तीन अक्षरं, म्हणजे चोवीस जागा. चोवीस जागांत बत्तीस मात्रा, म्हणजे आठ गुरू.

दुसरी गोष्ट म्हणजे पडताळ्याचा आकडा. त्या कॉम्प्युटरची रचना करणाऱ्यांनी टेपच्या शेवटी एक आकडा ठेवायची सोय केली होती, आधीच्या सगळ्या आकड्यांची, ते शून्य-एकांत मांडून आणि हातचा न धरता केलेली बेरीज. वाचताना बेरीज जुळली नाही तर काहीतरी गळलं, असं कॉम्प्युटरला कळतं. ही सोय ज्या कुणी केली, त्यांना मी ओळखत नाही, आणि आपल्या मरणानंतर किंवा म्हातारपणी कुणीतरी मुलगी हा आकडा घेऊन बसेल असं त्यांच्या स्वप्नातही नसेल. त्यांचे मी त्या दिवशी मनापासून आभार मानले. बाकी सगळी बेरीज करून मी उलट हिशेब केला. हरवलेल्या तीन अक्षरांची बेरीज ब्याण्णव यायला हवी होती.

आईचं नाव रोमन लिपीत सहा अक्षरांचं आहे.

* * *

बुधवारी संध्याकाळी मामा ऑफिसातून थेट आमच्याकडे आला. मी दोघांना जेवायच्या टेबलाशी बसवलं आणि घडीचा फोटो, लहरी, मात्रा, सगळं दाखवलं. आईला मात्रांचा हिशेब फार आवडला. "हे प्रेसमध्ये सांगते," ती म्हणाली. "मात्रा मोजून गळलेलं अक्षर काढायचं. वा!"

"पण तुझं नाव त्यात बसत नाही," मी म्हणाले.

मामाचा चेहरा उतरला. "असं कसं? मी स्वतः टाइप केलंय."

"सहा अक्षरं तीनच्या जागेत नाही जात, मामा."

"मग आद्याक्षरं! ताईचं नाव, वडिलांचं, आडनाव. तीन! तीनच होतात!"

मी बेरीज केली. मामा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. अठ्ठ्याहत्तर. लग्नानंतरचं आडनाव घालून पाहिलं, जरी तेव्हा तिचं लग्न व्हायला सहा वर्षं बाकी होती. तेही नाही. आडनाव आधी, नाव नंतर, असं मामा सुचवत होता. बेरजेला क्रमाने फरक पडत नाही, हे मी त्याला दोनदा सांगितलं.

"सांगितलं होतं ना, नव्हतं म्हणून," आई म्हणाली आणि हसली.

तीच ती हसण्याची तऱ्हा. पण मी तीन दिवस पडद्यावर लहरी मोजत होते, माझी नजर बारीक झाली होती. त्या हसण्यात एक जागा गळलेली होती. आई सोमवारपासून रोज मला विचारत होती, "झालं का गं तुझं ते?" आणि मी काही म्हणायच्या आत "नाही, सहज विचारलं" म्हणत होती. तिलाही बघायचंच होतं.

"तेव्हा कुणीतरी मित्र असेल तुझा," ती मामाला म्हणाली. "त्याचं टाकलं असशील. पंधरा वर्षांचं पोर होतास, विसरला असशील. त्यात काय एवढं? उद्या त्या बाईंना कळवून टाक, एकच नाव लिहा म्हणून. उगाच त्यांचं काम अडायला नको."

तिने कप उचलले आणि ती आत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला.

मामा डोकं धरून बसला. "माझा मित्रच नव्हता कुणी. सुटीभर मी आणि ती, दोघंच होतो." मग तो उठला. त्याचं लक्ष टेबलावर गेलं आणि तो एकतीस वर्षांच्या सवयीने ओरडला, "ताई! चष्मा इथेच राहिला गं तुझा!"

माझा हात कागदावर थांबला.

हे मला आधी का सुचलं नाही, याचं उत्तर सोपं आहे. तो शब्द मी जन्मल्यापासून ऐकत होते, म्हणून तो मला ऐकूच येत नव्हता. प्रयोगशाळेत पंख्याची घरघर अशीच ऐकू येत नाही. धाकट्या भावाने थोरल्या बहिणीचं नाव कधी घेतलेलंच नसतं. "मी तिचं नाव टाइप केलं," असं मामा छातीठोकपणे म्हणत होता, आणि ते खरंच होतं. त्याच्या लेखी तिचं नाव तेच होतं.

रोमन लिपीत त्या शब्दाची तीनच अक्षरं होतात, त्यांचे आकडे चौऱ्याऐंशी, पासष्ट आणि त्र्याहत्तर. मी ती बेरीज कागदावर हाताने केली, कारण कॉम्प्युटरवर करायचा धीर होत नव्हता. नेहमीच्या बेरजेने दोनशे बावीस होतात, शून्य-एकांत मांडून हातचा सोडला की ब्याण्णव. मग गुरू मोजले. तीन, दोन आणि तीन.

"आई," मी हाक मारली. "हात पुसून बाहेर ये."

ती आली. मी घडीच्या जागी ती तीन अक्षरं भरली आणि लॅपटॉपवर, त्या जुन्या कॉम्प्युटरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, खेळ चालू केला. या वेळी कॉम्प्युटर शेवटपर्यंत गेला आणि थांबला नाही. दोन सेकंदांसाठी पडदा आला, काळ्यावर हिरवी अक्षरं: मामाचं नाव, बेरजेचं चिन्ह, आणि 'ताई'.

आईने पाहिलं नाही. ती चष्मा शोधत होती.

"अगं ताई, हा काय तुझ्या पुढ्यात!" मामा जवळजवळ किंचाळला. मी पुन्हा चालू केलं. मग तिच्या सांगण्यावरून पुन्हा. चौथ्यांदा तिने मला तिथेच थांबवायला लावलं आणि पडद्याजवळ वाकून, प्रूफ वाचतात तसं, एकेका अक्षराखाली बोट नेलं.

"हे पक्कं आहे?" तिने विचारलं. "का मला बरं वाटावं म्हणून?"

मी खरं तेच सांगितलं. "दोन्ही हिशेब योगायोगाने जुळण्याची शक्यता सव्वाशेत एकाच्या आसपास आहे."

"म्हणजे शंका आहे."

"आहे. ती मी ठेवून घेते माझ्याकडे. तू घेऊ नकोस."

मामा म्हणाला, "ताई, तू उजवी भिंत मागितली नसतीस ना, तर मी तो प्रोग्रॅम पुसून टाकणार होतो. बोट बटणावर होतं माझं. मी आज जो काही आहे... तुला माहीत नाही. मी किती वेळा..." त्याला पुढे जमेना. वीस माणसांना कामाला लावणारा तो मामा टेबलाची कड चोळत बसला.

"आता रडू नकोस, कीबोर्डवर पडेल," आई म्हणाली. "सरक तिकडे. डावी तुझी."

दोघं खेळले. मामाला सगळे कोपरे तोंडपाठ होते. आई सावकाश, एकही चौकोन न सोडता रंगवत होती आणि मध्येच त्याला म्हणत होती, "खाली डावीकडे एक राहिलाय तुझा. घाई करतोस, म्हणून राहतो." पंचवीसेक मिनिटांनी दोन्ही भिंती भरल्या आणि मधोमध वाट उजळली, दारापासून दारापर्यंत. मी मागे उभी राहून बघत होते. आपल्या आईला ती आपली आई व्हायच्या आधी कशी होती, हे बघायला मिळणं फार थोड्यांच्या वाट्याला येतं. मला पाऊण मिलिमीटरच्या घडीने ते मिळालं. ती घडी पडली नसती, तर तो पडदा दोन सेकंद आला असता आणि गेला असता.

* * *

संग्रहालयातल्या बाईंना मी गुरुवारी सकाळी सगळे हिशेब आणि पाटीसाठी लिहिलेला मजकूर पाठवला. त्यांचा फोन आला. "मात्रांचं पटलं. पण ताई म्हणजे कोण, याला पुरावा?"

"मामाला एकच बहीण आहे," मी म्हणाले.

त्या हसल्या. "चालेल. पण पाटीवर पूर्ण नाव लागेल. ताई तर सगळ्यांच्याच असतात."

पाटीचं प्रूफ पुढच्या रविवारी घरी आलं. आईने ते स्वतः तपासायचं ठरवलं आणि एकटीने तपासायचं नाही, हेही. नियमाप्रमाणे एकाने वाचायचं, दुसऱ्याने बघायचं. तिने मामाला खिडकीशी उजेडात बसवलं, मूळ मजकूर त्याच्या हातात दिला आणि स्वतः पेन्सिल घेऊन टेबलाशी बसली.

"चिन्हांसकट वाचायचं," तिने बजावलं.

मामाने घसा साफ केला. "भिंतीतली वाट पूर्ण. दोघांनी खेळायचा भूलभुलैया पूर्ण. मासिकातला प्रोग्रॅम वाचून दाखवताना एका चिन्हाचे दोन अर्थ झाले स्वल्प आणि त्यातून हा खेळ घडला पूर्ण."

आईची पेन्सिल "दोन अर्थ झाले" या शब्दांखाली थोडी रेंगाळली. तिथे 'चूक' हा शब्द नव्हता. तो मी मजकुरात घातलाच नव्हता. तिने वर पाहिलं नाही. "पुढे," म्हणाली.

"खेळाचे कर्ते दोन टिंबं." मामाने स्वतःचं नाव वाचलं. "आणि..." तो थांबला.

"काय झालं? पुसट आहे का?"

"नाही. पुढे तुझं नाव आहे."

"मग वाच."

"तुझ्या तोंडावर?"

"पाठीमागे घेतोस वाटतं? वाच. छापलंय तसं वाचायचं."

मला तेव्हा लक्षात आलं, की बाबा तिला 'अगं' म्हणतात, मी आई म्हणते, प्रेसमध्ये ती बाई आणि मामाची ताई. ते नाव मोठ्याने उच्चारलेलं मी शेवटचं कधी ऐकलं होतं, ते मला आठवेना.

मामाने कागद थोडा वर धरला, त्याचा चेहरा झाकला जाईल इतका, आणि आईचं नाव वाचलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. एकेक अक्षर सुटं करून, कान्यामात्रेसकट, तिने त्याला कधीकाळी शिकवलं असेल तसं. शेवटी म्हणाला, "पूर्ण."

आईची पेन्सिल त्या नावाखालून गेली आणि परत पहिल्या अक्षरावर आली. ती ओळ तिने दोनदा तपासली. एका ओळीला ती इतका वेळ कधी लावत नाही.

"बेरजेच्या चिन्हाऐवजी 'आणि' केलंय त्यांनी," ती म्हणाली. "चालेल. पण 'आणि'च्या आधी जागा जास्त सुटलीय." तिने तिथे खूण केली. मग समासात, नेहमीच्या बारीक अक्षरात, 'छापायला हरकत नाही' असं लिहिलं, आणि खाली सही केली.